‘एडिट न केलेला’ फोटो मिळतो कुठे?

आपल्या फोटोग्राफी कॉम्पिटिशनची नोटीस दरवर्षी लागते आणि दरवर्षी तिच्यात एक ओळ ठळक टायपात असते : ‘फोटो एडिट केलेला नसावा.’ ही ओळ लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंकाच नाही. सूर्य तिप्पट मोठा करून, त्याच्यापुढून उडणारे बगळे दुसरीकडून आणून चिकटवणारे महाभाग आपल्याच हॉस्टेलमध्ये आहेत. पण मित्रांनो, माझं म्हणणं असं की निदान इंजिनिअरिंग कॉलेजात तरी या ओळीला काही अर्थ नाही. बटण दाबण्याआधी तुम्ही कुठे उभे राहिलात, पुढे कुठली लेन्स होती आणि तिच्यामागची चिप प्रकाश कसा मोजते, एवढ्यातच निम्मा फोटो ‘एडिट’ होऊन गेलेला असतो. नियमच करायचा तर असा करा, की प्रत्येक फोटोखाली या तीन गोष्टी लिहायच्या. नाही लिहिल्या तर फोटो बाद.

कोणी म्हणेल, हा नुसता शब्दांचा खेळ झाला. म्हणून लांब न जाता आपल्या कर्जत लाइनवरचीच उदाहरणं घेऊ.

बदलापूर स्टेशनच्या गर्दीचे फोटो आपण पेपरात कायम बघतो. प्लॅटफॉर्मवर डोक्याला डोकं चिकटलेलं, मुंगी शिरायला जागा नाही. हे फोटो बहुतेक वेळा पुलावरून, लांबून, टेलिफोटो लेन्सने काढलेले असतात. आता गणित बघा. वस्तू जितकी लांब तितकी ती फोटोत लहान दिसते, हे सरळ व्यस्त प्रमाण आहे. तुमच्यापासून दोन मीटरवर एक माणूस उभा आहे आणि त्याच्यामागे आणखी दोन मीटरवर दुसरा. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट मोठा दिसेल. आता पन्नास मीटर मागे जा. पहिला पन्नासवर, दुसरा बावन्नवर. दोघांच्या आकारातला फरक उरला फक्त चार टक्के. फोटोत दोघांची डोकी सारखीच मोठी, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की ते एकमेकांना खेटून उभे आहेत. मधले दोन मीटर गेले कुठे? कोणी खोडले नाहीत, कोणी फोटोशॉप उघडलं नाही.

इथे एक गंमत आहे, जी आपल्या फोटो क्लबमधल्या सीनियर लोकांनाही पटत नाही. हे सगळं टेलिफोटो लेन्स करते असं म्हणायची पद्धत आहे. तसं नाही. हे अंतर करतं. पन्नास मीटरवरून साध्या मोबाईलने फोटो काढा आणि मधला तुकडा कापून मोठा करा. फाटलेला, दाणेदार दिसेल, पण डोक्यांची मांडणी अगदी तीच असेल. लेन्सची फोकल लेंथ फक्त चौकट किती रुंद ते ठरवते. (माझी रूममेट मराठी माध्यमातली. ती फोकल लेंथला ‘नाभीय अंतर’ म्हणते. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द कोणी शिकवलाच नाही. पण शब्द छान आहे.) मात्र लांबची लेन्स हातात असली की माणूस आपोआप मागे सरतो आणि रुंद लेन्स असली की पुढे घुसतो, म्हणून दोष लेन्सवर जातो.

बदलापूरची गर्दी खोटी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. सकाळी आठच्या आसपास चढून बघा, म्हणजे कळेल. मुद्दा एवढाच की तो फोटो गर्दी दाखवतो, गर्दी मोजत नाही. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, डेन्मार्कच्या दोन प्रेस फोटोग्राफरनी नेमकं हेच करून दाखवलं. रांगेत आणि रस्त्यावर उभी असलेली तीच माणसं, त्याच वेळी, एकदा लांबून टेलिफोटोने आणि एकदा वेगळ्या कोनातून रुंद लेन्सने. पहिल्या फोटोत वाटतं, लोकांना अक्कल नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर पडताहेत. दुसऱ्यात माणसं शिस्तीत अंतर राखून उभी. त्या वेळी आपल्याकडे भाजी मार्केटचे असेच फोटो बघून आपण किती लोकांना शिव्या घातल्या, ते प्रत्येकाने आपापलं आठवावं.

गर्दीला लेन्स जवळ आणते, तशीच ती खोलीला लांब करते. बदलापूर-अंबरनाथला घर घेणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे निम्मी घरं सॅम्पल फ्लॅटचे फोटो बघूनच पसंत केली जातात. अल्ट्रावाइड लेन्स खोलीच्या कोपऱ्यात, अगदी भिंतीला पाठ लावून धरायची. तिला साधारण एकशेवीस अंशांचं दिसतं. जवळचा पलंगाचा कोपरा मोठा होतो, समोरची भिंत मागे मागे पळते आणि दहा बाय दहाची बेडरूम हॉलसारखी दिसायला लागते. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने असे फोटो बघून बुकिंग केलं. पझेशनच्या दिवशी उल्हासनगरहून टेम्पोत आणलेला सोफा आणि कपाट आत मांडल्यावर दार पूर्ण उघडेना. बिल्डरला विचारलं तर तो म्हणाला, फोटो ओरिजिनल आहेत, काही एडिट केलेलं नाही. आणि खरंच केलेलं नव्हतं!

अशा वेळी काय करायचं? फरशा मोजायच्या. फरशी दोन फुटाची आहे का एवढं विचारून घ्या आणि फोटोत भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. पाच फरशा म्हणजे दहा फूट. लेन्स फरशीचा आकार बदलू शकते, फरशांची संख्या नाही. त्याच ब्रोशरमध्ये बिल्डिंगच्या मागे मलंगगड एवढा मोठा दाखवलेला असतो की वाटतं, गॅलरीतून हात लावता येईल. तो फोटो बिल्डिंगपासून खूप मागे जाऊन काढलेला असतो. मागे गेल्यावर बिल्डिंग लहान होते, डोंगर मात्र आधीच इतका लांब असतो की त्याला काही फरक पडत नाही. तुमच्या गॅलरीतून तो रोज दिसतो तेवढाच दिसणार.

हे ज्ञान काही नवीन नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक जुना स्टुडिओ आहे. तिथे फरशीवर ऑइल पेंटने दोन खुणा केल्या आहेत, एक खुर्चीची आणि एक ट्रायपॉडची. मधलं अंतर पाच-सहा फूट. पासपोर्ट फोटोला कोणीही येवो, खुर्ची त्या खुणेवरून हलत नाही. मालक सिंधी अंकल आहेत. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘बेटा, नाक कॅमेरे से नहीं, फासले से बड़ी होती है.’’ २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका मेडिकल जर्नलमध्ये हेच मोजून लिहिलं : बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. लोक सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन करून मागायला लागले, म्हणून डॉक्टरांना हा हिशोब करावा लागला. अंकलचा रंगाचा डबा बहुतेक त्याच्या तीस वर्षं आधीचा असेल.

इथपर्यंत झालं लेन्सचं. सेन्सरचं प्रकरण जास्त खोल आहे आणि त्यासाठी अंबरनाथच्या शिवमंदिरापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

हे देऊळ इसवी सन १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं, वालधुनीच्या काठावर काळ्या दगडात बांधलेलं. तिथे कॅमेऱ्याला पहिली अडचण येते ती बाहेरूनच. कॅमेऱ्याचं मीटर अडाणी असतं. समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते असं धरून चालतं की जगाचा सरासरी रंग मध्यम करडा. त्यामुळे काळ्या दगडाने चौकट भरली की मीटर म्हणतं, अरे, इथे अंधार आहे, प्रकाश वाढवा. परिणाम असा की काळा दगड राखाडी येतो आणि वरचं आकाश जळून पांढरंफटक. देवळाचे व्हॉट्सअॅपवर फिरणारे निम्मे फोटो असे सिमेंटच्या रंगाचे आहेत. (लॅबमधल्या पांढऱ्या एप्रनवर उलटा प्रयोग करून बघा, एप्रन मळकट येईल.) उपाय सोपा आहे, एक्स्पोजर एक पायरी खाली आणायचं. पण ज्या क्षणी तुम्ही ते बटण फिरवलं त्या क्षणी ‘कॅमेऱ्याने दिला तसा फोटो’ संपला. दगड खरा काळा दाखवायला माणसाला मध्ये पडावं लागलं. आता सांगा, एडिट कुठला? राखाडी की काळा?

आतली अडचण आणखी मोठी. गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि शिखर पूर्ण झालेलं नसल्याने वरून आकाश उघडं आहे. खाली मिट्ट काळोख, वर दुपारचं ऊन. आपले डोळे दोन्ही बघतात, कारण ते आधी खाली बघतात, मग वर, आणि मधल्या वेळात बाहुली बदलते. सेन्सरला एकाच झटक्यात सगळं घ्यायचं असतं. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बादली समजा. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जमतात. बादली भरली की वरचं सगळं वाहून जातं, तिथे नुसता पांढरा डाग. आणि बादलीत अगदी थोडंच जमलं तर ते आवाजात, म्हणजे नॉइजमध्ये बुडतं. शंभर फोटॉन आले तर त्यातला चढउतार शंभराचं वर्गमूळ, म्हणजे दहा, म्हणजे दहा टक्के. दहा हजार आले तर चढउतार शंभर, म्हणजे एकच टक्का. स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला झोपलेल्यांनी इथे जागं व्हावं.

म्हणून सेन्सरचा आकार महत्त्वाचा. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. मोबाईलमधला एक नेहमीचा लहान सेन्सर साधारण साडेपाच बाय सव्वाचार, म्हणजे चोवीसच्या आसपास. छत्तीस पट फरक! मेगापिक्सेल किती, हा प्रश्न दुकानदार विचारतो, कारण त्याला विकायचं असतं. पाणी किती मिळणार हे बादल्यांच्या संख्येवर नाही, अंगण किती मोठं यावर ठरतं.

मग मोबाईलमध्ये गाभारा आणि आकाश दोन्ही छान कसे येतात? कारण तो एक फोटो नसतोच. फोन एका पाठोपाठ अनेक फोटो काढतो, काही कमी उजेडाचे, काही जास्त, आणि त्यांचे तुकडे जोडून एक बनवतो. तुम्ही बटणावरून बोट काढेपर्यंत एडिटिंग झालेलंही असतं. आणि ‘एडिट नसलेला’ म्हणून तोच फोटो कॉम्पिटिशनमध्ये चालतो. पण आपल्याच वर्गातल्या कोणी साध्या डीएसएलआरने दोन फोटो काढून कॉम्प्युटरवर हाताने जोडले, तर तो बाद. हा कुठला न्याय?

रंगाचंही तेच. सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांनी पिक्सेलवर लाल, हिरव्या, निळ्या काचांची जाळी बसवायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. या जाळीत अर्धे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेल तीनपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरतो. म्हणजे कुठल्याही डिजिटल फोटोतले दोनतृतीयांश रंगाचे आकडे मोजलेले नसतात, काढलेले असतात. अंदाज उत्तम असतो, पण अंदाजच. चंद्राच्या फोटोंवरून २०२३ मध्ये सॅमसंगची जी चर्चा झाली, ती याच रस्त्याची पुढची पायरी. मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्राच्या चित्रावरही फोनने खड्डे उमटवले आणि चंद्र ओळखून त्यात बारकावे भरले जातात हे कंपनीने मान्य केलं.

डिजिटल आलं म्हणून हे झालं, पूर्वीचा फिल्मचा फोटो प्रामाणिक होता, असं आपले काही सर म्हणतात. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, की नव्हता. याच देवळाची १८६८ मध्ये मुंबई सरकारने पाहणी करवली. नकाशे झाले, कोरीवकामाचे साचे घेतले गेले, फोटोही निघाले. त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटला मुख्यतः निळा आणि जांभळा उजेडच समजायचा. त्यामुळे त्या जमान्यातल्या फोटोंत निळं आकाश कोरं पांढरं येतं आणि लाल रंग काळा पडतो. एक्स्पोजर काही सेकंदांचं, म्हणजे चालता माणूस पुसट तरी होतो, नाहीतर गायबच. जुनी देवळं फोटोत इतकी निर्मनुष्य, गूढ दिसतात त्यात दरवेळी इतिहासाचा हात असतोच असं नाही, कधीकधी तो केमिस्ट्रीचा असतो.

दगडातलं वाचणं किती नाजूक असतं याचं उदाहरणही इथेच आहे. देवळातल्या शिलालेखातलं साल भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असं वाचलं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तेच शके ९८२ असं वाचलं आणि आज तेच धरलं जातं. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी इकडचं तिकडे! झिजलेल्या अक्षराचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर खाचेतली सावलीच मरते आणि अक्षर सपाट होतं. तोच टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ घासून धरला तर खाच उठून दिसते. म्हणून फोटोखाली ‘उजेड कुठून होता’ हेही लिहा, असं माझं म्हणणं आहे.

लोकलमधला रोलिंग शटर सगळ्यांना माहीत आहे म्हणून दोनच ओळी. बहुतेक मोबाईलचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. समजा वाचायला १/५० सेकंद लागला आणि गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे. तेवढ्यात ती तेहतीस सेंटिमीटर पुढे जाते, आणि रुळाजवळचा सरळ खांब फोटोत तिरका होतो. वांगणीपर्यंत सगळे खांब पडायला आलेत असं दाखवणारा व्हिडिओ कोणी पाठवला तर रेल्वेला फोन करू नये.

आता यात एवढं तावातावाने लिहिण्यासारखं काय आहे? कॉम्पिटिशनची ट्रॉफी कोणाला मिळाली याने जगाचं काही बिघडत नाही. पण आपल्याकडे फोटो हा पुरावा म्हणून वापरला जातो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी होते, बोटींनी लोकांना बाहेर काढावं लागलं. डब्याच्या दारातून काढलेल्या फोटोत पाण्याला किनाराच नाही, कारण इतक्या कमी उंचीवरून पाण्याचा सगळा पसारा एका पट्ट्यात दबतो. वरून काढलेल्या चित्रात पाणी कुठवर आलंय आणि कोरडी जमीन कुठे आहे ते कळतं. दारातला फोटो बघून माणसाची भीती कळते, वरचा बघून बोट कुठून न्यायची ते कळतं. दोन्ही हवेत. पण कुठला कुठून काढला हे लिहिलेलं नसेल तर दोन्हींचा उपयोग अर्धा.

आणि वालधुनी. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत रसायन सोडल्यामुळे उल्हासनगरात माणसं आजारी पडली, हॉस्पिटलात न्यावी लागली. आजही नदीच्या पाण्याला रंग आला की लोक पुलावरून फोटो काढतात आणि तक्रारीला जोडतात. इथे ऑटो व्हाइट बॅलन्स घात करतो. कॅमेऱ्याला वाटतं, चौकटभर एकच तांबूस रंग दिसतोय म्हणजे दिव्याचा किंवा उन्हाचाच रंग तांबूस असणार. तो बिचारा इमानदारीने तो रंग वजा करतो. नदी लाल आणि फोटोत करडी! तक्रार बघणारा साहेब म्हणतो, पाणी तर नेहमीसारखंच दिसतंय. उलटही होतं. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात साधं गढूळ पाणी केमिकलसारखं दिसतं आणि तक्रार खोटी पडते, मग पुढची खरी तक्रारही कोणी वाचत नाही.

म्हणून माझी कॉम्पिटिशन कमिटीला आणि एनएसएसच्या नदी सर्व्हेवाल्यांनाही सूचना आहे. फोटोत एका कोपऱ्यात जर्नलचा कोरा पांढरा कागद येऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याला खरा पांढरा कुठला ते कळेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ‘डेलाइट’वर ठेवा. शेजारी फूटपट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवा. खाली लिहा : किती वाजता, किती अंतरावरून, कुठली लेन्स, उजेड कुठल्या बाजूने, नंतर काय काय केलं. नंतर काही करायला माझी हरकत नाही, लपवायला आहे.

फोटो क्लबचे लोक म्हणतात, एवढं खाली लिहिलं तर फोटो प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखा दिसेल, कलेचं काय? कलेसाठी वेगळा विभाग ठेवा, तिथे हवा तेवढा मोठा सूर्य लावा. पण ‘आपला परिसर’ या विभागात भिंतीवर लागणाऱ्या फोटोखाली चार ओळी आल्याच पाहिजेत. त्यातली निम्मी माहिती फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतःच लिहून ठेवलेली असते : फोकल लेंथ, शटर, आयएसओ, वेळ. फक्त एक लक्षात ठेवा, फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती पुसली जाते. तेव्हा एंट्री देताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन या. आणि अंतर मात्र कॅमेरा लिहीत नाही, ते पावलांनी मोजून यावं लागेल.